ढाक्याचा पाहुणा आणि बाभुळगावचा कापूस

यवतमाळला जाते म्हटल्यावर इचलकरंजीत आमच्या गल्लीत एकजात सगळ्यांनी तोंडं पाडली. "तिकडं काय आहे हो बघायला?" शेजारच्या काकूंनी विचारलं. त्या दिवसांत वर्तमानपत्रात त्या जिल्ह्याबद्दल जे छापून यायचं ते बघता त्यांचंही काही चुकलं नव्हतं. कापसाचे फार वाईट दिवस होते ते. यवतमाळचं नाव काढलं की लोक दुखवट्याला गेल्यासारखे आवाज खाली करून बोलायचे. मी तिथून परत आले ती मात्र ढोल वाजवत आले. का, ते सांगते.

आधी माझं सांगून टाकते. मी सुताच्या एका व्यापाऱ्याकडे माल तपासते. सूत बोटांत घ्यायचं, उजेडात धरायचं आणि नावं ठेवायची. नावं ठेवायची सवय मला उपजतच आहे, त्याचा पगार मिळतो हे वरचं. वडील रेल्वेत होते, खरगपूरला, त्यामुळे माझी शाळा बंगालीत झाली. ढाक्याजवळच्या एका सूतगिरणीनं विदर्भाचा कापूस बघायला आपला माणूस पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमचे शेठ म्हणाले, "शारदाबाई, भाषा तुम्हाला येते, डोळा तुमचा आहे, तुम्हीच जा." मी लगेच बॅग भरली. आयुष्यात कुणी तिकीट काढून दिलं तर मी नाही म्हणत नाही.

यवतमाळ

ढाक्याचा माणूस म्हणजे जहीरभाई. चाळिशीचा, काटकुळा, शर्टाला कडक इस्त्री आणि चेहऱ्यावर कायम परीक्षेला बसल्यासारखा भाव. नागपूरहून जीपने आलो. रस्त्यात तर्री-पोहे खाल्ले. आम्ही कोल्हापूरकडची माणसं तिखटाचा फार तोरा मिरवतो, पण त्या तर्रीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. जहीरभाई मात्र शांतपणे खात होता. मग हळूच म्हणाला, "दीदी, इथे मासा मिळेल का?" पुढचे सगळे दिवस हा प्रश्न तो रोज विचारत होता.

लॉजवर पोचलो, पासपोर्ट दाखवला, आणि मॅनेजरचा चेहरा बदलला. नियम त्याचा बरोबर होता, बाहेरच्या देशाचा माणूस आला की ठाण्यात कळवायचं. त्यानं कळवलं. चहा संपायच्या आत दारात पोलीस.

ठाणेदारसाहेब सभ्य होते, पण काळजीत होते. त्यांच्या टेबलासमोर जहीरभाईला बसवलं, मला मध्ये बसवलं, आणि चौकशी सुरू झाली. कुठून आला, कोणत्या सीमेवरून आला, बरोबर काय काय आहे. जहीरभाईनं बॅग उघडली. आत चार शर्ट, एक भिंग, एक मोठी बॅटरी आणि भाताबरोबर खायची मोहरीची चटणी. ठाणेदारसाहेबांनी चटणीचा वास घेतला आणि बाटली बाजूला ठेवली.

"मले एक सांगा मॅडम," ते म्हणाले, "आमचा कापूस इथी कोनी घेऊन नाई राह्यलं. माह्या बापानं घरात भरून ठेवला हाय. आन् हे साहेब ढाक्याहून काहून येतीन कापूस पाहाले?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की इथला कापूस त्यांच्याकडे जातो, तिथं त्याचं सूत होतं, सुताचा शर्ट होतो, आणि शर्ट विलायतेतल्या दुकानात टांगला जातो. त्या शर्टात एक लाल धागा दिसला तर दुकानदार सगळा माल परत पाठवतो. म्हणून हा माणूस शेतापर्यंत आलाय, लाल धागा कुठून येतो ते बघायला.

ठाणेदारसाहेबांनी चटणीची बाटली परत बॅगेत ठेवली. मग म्हणाले, "या साहेबायले माह्या बापाले भेटवा." आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंतची परवानगी दिली, वर सोबतीला एक हवालदार. संरक्षणासाठी. कुणाचं कुणापासून ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते गेडाम हवालदार. मोठं पोट, त्याहून मोठ्या मिशा, आणि मिशांना काळाभोर कलप. जीपमध्ये पुढं बसले आणि पहिलंच वाक्य बोलले, "जेवाचं कुठी करून राह्यले आपन?" माझं आणि त्यांचं तिथंच जमलं.

खैरडोह

बाभुळगावच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की खैरडोह. काळी जमीन, आणि दसरा होऊन गेलेला, त्यामुळे बोंडं नुकती फुटलेली. आमच्याकडे उसाच्या फडात शिरलं की पलीकडचं काही दिसत नाही. इथं आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं. मला ते फार आवडलं. जहीरभाई जीपमधून उतरला आणि पहिल्या झाडाचं बोंड हातात धरून उभा राहिला. सतरा वर्षं कापसात काम करत होता, पण झाडाला लागलेला कापूस त्यानं कधी पाहिलाच नव्हता. ढाक्यात कापूस गाठीतून येतो, आणि आमच्याकडे सूत गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या कोनावरून येतो, त्यामुळे त्याला हसायचा हक्क मलाही नव्हता.

वेचणाऱ्या बायांचा गट होता, त्यांची पुढारी वंदनाबाई. पन्नाशीची, ठेंगणी, चालणं असं की बरोबरच्याला पळावं लागतं. गावातल्या बौद्ध वस्तीत तिचं घर. घरात बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि दांडीवर वाळत घातलेलं पांढरंशुभ्र लुगडं. ते नेसून ती नुकतीच नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली होती.

तिनं काय ते सरळ मांडलं. "मांगच्या साली आमचा सबन माल वापस आला जी. काहून? तं त्यात लाल धागा, केस, खताच्या थैलीचे पिलास्टिकचे तुकडे. धागा माह्या लुगड्याचा का दुसरीच्या, कोन सांगन? यंदा आमी वेचाले कमरेची ओटी पांढऱ्या कपड्याची शिवली, डोक्शाले पांढरा रुमाल, खताची थैली बंद. आता तुमी पाहा. माल पास झाला तं बाभुळगावच्या जिनिंगात उन्हाळ्यापावतर काम हाय. वेचाचं बी, निवडाचं बी. नाई झाला तं या सबन जनी भट्टीवर."

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आणि भट्टी म्हणजे आंध्रातली वीटभट्टी. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक येतो आणि अर्धी वस्ती पोराबाळांसकट उचलून नेतो, ते पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. यंदाचा ट्रक शुक्रवारी संध्याकाळी यायचा होता. वंदनाबाईनं सगळ्यांना धरून ठेवलं होतं, कुणाला मुकादमाची आगाऊ उचल घेऊ दिली नव्हती.

तेवढ्यात सायकलवरून आरोग्य केंद्रातली सिस्टर आली. परदेशातला माणूस आलाय हे तिच्यापर्यंत पोचलं होतं, आणि त्या वर्षी बाहेरून येणाऱ्या तापाची सगळीकडे धास्ती. तिनं जहीरभाईच्या तोंडात थर्मामीटर खुपसलं. तो माझ्याकडे केविलवाणं बघत बसला. ताप नव्हता. सिस्टरनं थर्मामीटर झटकलं आणि म्हणाली, "हे साहेब ठणठणीत आहेत. माझी खरी काळजी ही आहे."

ही म्हणजे वंदनाबाईची नात, साक्षी. नुकतीच पावलं टाकायला लागलेली, काजळ गालभर पसरलेलं. आई ज्योती तिला कडेवर घेऊन उभी होती. यंदा पावसाळ्याच्या तोंडी पोर भट्टीवरून आली ती खोकतच आली, आणि तपासणीत क्षय निघाला. आता औषध चालू होतं. सिस्टरनं गोळीचा चुरा साखरपाण्यात कालवून माझ्यासमोर तिला पाजला.

"उन्हाळ्यापर्यंत एक दिवस चुकता कामा नये," ती मला म्हणाली. "हिच्या नावाचा डबा इथं आमच्याकडे असतो. ही भट्टीवर गेली की डबा इथं आणि पोर तिथं. अर्धवट औषध घेतलं की आजार निबर होतो, मग साधं औषध लागू पडत नाही. तिथून तो दुसऱ्या पोरांना, ती पोरं आपापल्या गावाला."

"तू थांब ना गं मग इथं," मी ज्योतीला म्हटलं. मला बोलायला काय जातंय.

"खाऊ काय?" ज्योती म्हणाली. रागानं नाही, नुसतंच.

तिथं ओसरीवर बसल्या बसल्या मी धागा जोडत गेले. ढाक्याच्या गिरणीत एक लाल धागा सापडतो, विलायतेतला दुकानदार नाक मुरडतो, आणि इथं एक पोर औषधाला मुकते. जन्मभर मी सुतातले दोष काढत आले, पण त्या दोषाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं असतं हे कधी बघितलं नव्हतं. जहीरभाईला मी सगळं बंगालीत सांगितलं. त्यालाही दोन मुली. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "दीदी, मी खोटं पास करू शकत नाही. ते मला काढून टाकतील आणि दुसरा माणूस हाच माल परत पाठवेल." खरंच होतं ते.

सुमनबाईंचं शेत

नमुन्याचा कापूस सुमनबाईंच्या शेतातून वेचायचा होता. सुमनबाई गावातल्या कुणब्याच्या घरच्या, गटात वंदनाबाईच्या बरोबरीच्या. अंगानं भरलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पण तिथं एक अडचण निघाली, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. गटातल्या निम्म्या बाया डोक्याला पांढरा रुमाल बांधायला तयारच नव्हत्या.

"पांढरं डोक्शावर?" सुमनबाई म्हणाल्या. "नवरा जिता हाय माहा."

बौद्ध बायांना काहीच अडचण नव्हती, पांढरा त्यांचा सणाचा रंग. इतरजणींना तो रंग विधवेचा. आणि रंगीत रुमाल चालणार नव्हता, कारण धागे त्याचेच सुटतात. वंदनाबाईनं वाद घातला नाही. ज्यांना बांधायचंय त्या वेचतील, बाकीच्या बांधावर, असं ठरलं. उरलेल्या पांढऱ्या कापडाच्या ओट्या आणि गाठोडी शिवून टाकली. सुमनबाईंना ते लागलं. आपल्याच शेतातली पहिली वेचणी, आणि आपला हात लागणार नाही.

बुधवारी सकाळी सीतादही झालं. हे आमच्याकडे नाही. पहिला कापूस वेचायच्या आधी शेतात पाच खडे मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि पहिली बोंडं देवापुढं ठेवतात. सुमनबाईंनी इतक्या मनापासून केलं की गेडाम हवालदारांनीही टोपी काढली. जहीरभाईनं बाजूला उभं राहून दोन्ही हात पुढं धरले आणि स्वतःच्या पद्धतीनं काहीतरी पुटपुटला. नंतर सगळ्यांना दहीभात. तो त्यानं तीनदा घेतला, कारण भात दिसला की त्याला घर आठवायचं. ज्वारीची भाकर तो शिक्षा भोगल्यासारखी खायचा.

मग वंदनाबाई आणि तिच्या बाया ओळीत शिरल्या. कमरेला पांढरी ओटी, डोक्याला पांढरा रुमाल, दोन्ही हात दोन झाडांवर, तोंड तिसरीशी बोलण्यात. संध्याकाळपर्यंत गाठोडी बांधून तयार. त्या रात्रीच्या जेवणाला वंदनाबाईनं धरणातले मासे आणवले. जहीरभाईनं मोहरीच्या चटणीची बाटली काढली, थोडी माशावर घातली, आणि पहिल्यांदा हसला. गेडाम हवालदारांनीही चटणी चाखली आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

जिनिंग

गुरुवारी बाभुळगावला. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग, हवेत तंतू, आणि आत सरकी काढणाऱ्या रेच्याचा असा आवाज की ओरडूनच बोलावं लागतं. आमच्या मागंमाग वंदनाबाई, सुमनबाई, ज्योती आणि आणखी काहीजणी टेम्पोत बसून आल्या. सरकी निघाली, रुई टेबलावर आली. जहीरभाईनं बाह्या वर केल्या, बॅटरी पेटवली आणि मूठ मूठ रुई उकलायला लागला. मी त्याच्यासमोर बसले. केस नाही. प्लॅस्टिक नाही. दोरा नाही. वंदनाबाई भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा हळूहळू सैल होत होता.

आणि मग त्याचा हात थांबला. रुईत लालसर डाग. पुढच्या मुठीत पिवळा. त्याच्या पुढच्यात परत लाल. प्रत्येक गाठोड्यातल्या रुईत ते होतं. त्यानं डाग बोटानं चोळला, बोट लाल झालं. "रंग आहे," तो बंगालीत म्हणाला. "दीदी, हा रंग आहे. हे मी नाही घेऊ शकत."

मी मराठीत ओरडून सांगितलं. वंदनाबाई पुढं आली. "रुमाल पांढरे, ओट्या पांढऱ्या, कुठून आला रंग?" ती एकेकीकडे बघायला लागली. एकीनं दुसरीच्या बांगड्यांवर संशय घेतला, दुसरीनं फवारणीच्या औषधावर. ज्योती बाहेर जाऊन बसली. माझं डोकं तापलं. रंग आला म्हणजे कुठून तरी आला, आभाळातून पडला काय, असं मी जरा चढ्याच आवाजात बोलले. वरून जहीरभाईचाही राग आला, उगाचच, कारण तो बिचारा बरोबरच होता.

तेव्हा सुमनबाई खाली बसल्या. पदर तोंडाला लावला.

"म्याच टाकला," त्या म्हणाल्या. "सीतादहीचा कापूस. पुजेचा. सबन गाठोड्याईत थोडा थोडा. मले वेचू नाई देल्लं तं म्हन्लं आशीर्वाद तरी जाऊ द्या. माल पास व्हावा म्हनून टाकला वो माय."

देवापुढं ठेवलेली ती पहिली बोंडं. हळदकुंकवात माखलेली. माल पास व्हावा म्हणून घातली, आणि त्यांनीच माल नापास केला. मी जहीरभाईला सांगितलं. त्यानं हातातली बॅटरी खाली ठेवली. मला वाटलं आता हा चिडणार. तो म्हणाला, "माझी आईसुद्धा मी परीक्षेला जाताना खिशात दुवा म्हणून फुंकर मारलेली साखर घालायची. एकदा दौतीची शाई त्यात सांडली आणि माझा पेपरच बरबटला." मग घड्याळ न बघता, नुसतं बाहेरच्या उन्हाकडे बघून म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत मी इथं आहे. तोवर नवा नमुना आणलात तर मी बघेन."

परत शेतात

वाटतं तितकं सोपं नव्हतं ते. पहाटे वेचता येत नाही, दहिवर असतं. ओला कापूस रेच्यात गेला की रुई काळवंडते. म्हणजे ऊन चढेपर्यंत वाट बघायची, आणि दुपार कलायच्या आत माल जिनिंगला पोचला पाहिजे. मधला वेळ एवढासा. बुधवारी जेवढ्या बायांनी दिवसभर वेचला तेवढ्यांना ते शक्यच नव्हतं. सगळ्याजणी लागणार होत्या. सगळ्याजणींना पांढरे रुमाल लागणार होते. आणि पांढरं कापड संपलं होतं.

शुक्रवारी सकाळी सगळा गट बांधावर. कुणी कुणाशी बोलेना. दहिवर पानांवर चमकत होतं. मग वंदनाबाई आली, तिच्या हातात तिचं नागपूरचं लुगडं. तिनं त्याचा काठ दातात धरला, टर्रकन फाडलं.

"अवं, तुह्यं नागपूरचं हाय ते," सुमनबाई म्हणाल्या.

"कापसाचंच हाय ना," वंदनाबाई म्हणाली आणि दुसरा तुकडा फाडला.

तिचं बघून वस्तीतल्या आणखी दोघीतिघी घरी गेल्या आणि आपापली पांढरी लुगडी घेऊन आल्या. फाडण्याचा आवाज येत राहिला. सुमनबाई उठल्या. पदराच्या गाठीतून कुंकवाची डबी काढली, कपाळावरचं कुंकू होतं त्याच्या दुप्पट केलं, आणि हात पुढं करून वंदनाबाईच्या लुगड्याचा तुकडा घेतला. डोक्याला घट्ट बांधला.

"कुकू कपाळावर ऱ्हाईन," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "कापसावर नाई. चाला."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण मी गावातच वाढलेल्या आईची मुलगी आहे, मला कळलं. कुणब्याच्या घरच्या सवाष्णीनं पांढरं बांधलं, आणि तेही बौद्ध वस्तीतल्या बाईच्या अंगावरचं. एकेक करून सगळ्यांनी बांधले. सुमनबाईंचे यजमान पाण्याची घागर घेऊन आले, बायकोला तसं बघून जागीच थबकले.

"मी जिता हावो ना वो," ते म्हणाले.

"दिसून राह्यलं मले. घागर ठेवा थितं, आन् ओटी बांधा."

यजमानांनी ओटी बांधली. मग कुणाचीच सुटका नव्हती. गेडाम हवालदारांच्या खाकी टोपीवरून रुमाल बांधला गेला, जहीरभाईच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर ओटी चढली. ऊन चढलं, दहिवर उडालं, आणि सगळ्या एकदम उरलेल्या ओळींत शिरल्या. मीही शिरले. बोंडाच्या वाळक्या पाकळ्या नखात घुसतात, कंबर पहिल्या ओळीतच बोलायला लागते, आणि माझ्या कापसात निम्मा पालापाचोळा. एका बाईनं माझी ओटी बघून विचारलं, "मॅडम, हे तुमी चहात टाकाले आन्लं काय?" माझी ओटी सर्वानुमते बाद झाली. मी बांधावर बसून साक्षीला सांभाळायचं काम घेतलं, ते मला जमलं. सिस्टर बांधावरूनच तिचं औषध पाजून गेली.

त्या बाया वेचत होत्या तसं वेचताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. गप्पा नाहीत, गाणी नाहीत. पांढऱ्या शेतात पांढरी डोकी पुढं सरकत होती, आणि मागं कापूस उतरलेली हिरवी झाडं. दुपार कलायच्या आधी टेम्पो भरला.

जिनिंगमध्ये परत तेच टेबल, तीच बॅटरी. जहीरभाईनं अंगठ्यानं रुई उकलायला सुरुवात केली. मी समोर. या वेळी मी त्याच्याहून कडक बघत होते, कारण खोटं पास झालेलं मला नको होतं. एक मूठ, दुसरी मूठ. स्वच्छ. आणखी. स्वच्छ. दारात बायांची गर्दी, कुणी आत येईना. मग जहीरभाईनं चिमटीत काहीतरी धरून वर केलं. केस होता. जाड, आखूड, मुळाशी पांढरा आणि पुढं काळाभोर.

सगळ्यांनी एकदम गेडाम हवालदारांच्या मिशांकडे पाहिलं. हवालदारांनी हात नेऊन मिशी झाकली.

जहीरभाईनं तो केस खिशात टाकला. "पोलिसांचा केस मी नोंदवणार नाही," तो हिंदीत म्हणाला, "मला देशाबाहेर जायचंय." आणि मग रुईचा ढीग दोन्ही हातांनी उचलून वंदनाबाईच्या ओंजळीत ठेवला. "पास. पूरा मौसम. जितना ऐसा दोगी, उतना लूँगा."

वंदनाबाई रडली नाही. तिनं रुई नाकाशी नेली, वास घेतला आणि म्हणाली, "गाडी काढा. ट्रक आला असन."

ट्रक

ट्रक आलाच होता. खैरडोहच्या वस्तीसमोर, इंजिन चालू ठेवून. मुकादम बॉनेटवर हात ठेवून उभा. जिनिंगला ज्या आल्या नव्हत्या त्यांनी वाट बघून सामान चढवायला सुरुवात केली होती, चुली, गाद्या, पाण्याच्या कॅन, शेळीचं एक पिल्लू. ज्योतीच्या नवऱ्यानंही त्यांची भांडी चढवली होती. सगळ्यात वर साक्षीचा पाळणा बांधलेला.

टेम्पो थांबायच्या आत वंदनाबाईनं उडी मारली. काय झालं ते तिला ओरडून सांगावं लागलं नाही, सुमनबाईंनी पांढरा रुमाल काढून हवेत असा काही फिरवला की सगळ्या वस्तीला कळलं. ज्योती ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढली. आधी पाळण्याची दोरी सोडली. पाळणा खाली नवऱ्याच्या हातात. मग तवा, मग गंज-पातेली, मग पिठाचा डबा. शेजारच्या ट्रंका आपोआप उतरायला लागल्या. शेळीचं पिल्लू तर स्वतःच उडी मारून खाली आलं.

"अरे, हे काय करून राह्यल्या?" मुकादम म्हणाला. "भट्टी पेटली हाय तिकडं. मानसं कोठून आनू मी?"

ज्योतीनं शेवटची कळशी खाली दिली आणि वरूनच त्याला सांगितलं, "मानसं तुमी पाहा भाऊ. माही पोरगी उन्हाळ्यापावतर इथून हालत नाई."

ती खाली उतरली, साक्षीला माझ्या कडेवरून घेतलं आणि घरात गेली. ट्रक बराच वेळ तसाच उभा होता. मग मुकादमानं मागची फळी लावली, ड्रायव्हरला हाक मारली, आणि तो रिकामा ट्रक खडखडत खैरडोहमधून बाहेर पडला. वस्तीतल्या सगळ्या चुली परत आपापल्या जागेवर मांडल्या जात होत्या.